जोखीम कुणाच्या खांद्यावर?

पॅरिसच्या दिवाणी न्यायालयाने ४ फेब्रुवारी १८८९ रोजी पनामा कालवा कंपनी विसर्जित केली आणि तिच्यावर अवसायक नेमला. तोवर कंपनीने १४० कोटी फ्रँकच्या आसपास रक्कम खर्ची घातली होती आणि कालवा निम्माही झालेला नव्हता. ही रक्कम सरकारी तिजोरीतली नव्हती आणि तिचा मोठा भाग बड्या पेढ्यांचाही नव्हता. फ्रान्समधील छोटे दुकानदार, शेतकरी, निवृत्त नोकरदार, विधवा स्त्रिया यांनी आयुष्यभर पै-पै जमवून साठवलेली ही पुंजी होती. अशा भागधारकांची आणि रोखेधारकांची संख्या आठ लाखांच्या घरात होती, असे मानले जाते. त्यांनी पैसे गुंतवले ते एका नावाकडे पाहून. ते नाव होते फर्दिनांद द लेसेप्स.

वीस वर्षांपूर्वी याच गृहस्थांनी सुएझचा कालवा पुरा करून दाखवला होता. ज्यांनी तेव्हा त्यांच्यावर विश्वास टाकला त्यांचे पुढे कल्याण झाले होते. मग पनामात असे काय बिघडले? रस्ते, बंदरे, वीजप्रकल्प, मेट्रो यांसाठी खासगी भांडवल उभारताना जो प्रश्न आज प्रत्येक बँकेच्या टेबलावर पहिला येतो, त्याचे उत्तर लेसेप्स यांच्या चरित्रात सापडते. प्रकल्पात धोके कोणते आहेत आणि ते फिसकटले तर नुकसान कोण सोसणार, हा तो प्रश्न.

राजनैतिक घराण्यातला मुलगा

लेसेप्स यांचा जन्म १९ नोव्हेंबर १८०५ रोजी व्हर्सायचा. घराणे राजनैतिक सेवेतले. वडील इजिप्तमध्ये फ्रान्सचे प्रतिनिधी म्हणून राहिलेले. फर्दिनांद यांनीही तीच वाट धरली आणि १८३२ मध्ये ते उपवाणिज्यदूत म्हणून अलेक्झांड्रियाला पोहोचले. जहाजावर संसर्गबंदीत अडकून पडलेले असताना त्यांच्या हाती नेपोलियनच्या मोहिमेतील अभियंता लपेर यांचा सुएझच्या संयोगभूमीवरील अहवाल पडला. भूमध्य समुद्र आणि तांबडा समुद्र जोडण्याची कल्पना त्यांच्या मनात रुजली ती तेव्हापासून. त्या अहवालात एक मोठी चूक होती. तांबड्या समुद्राची पातळी सुमारे दहा मीटरने उंच असल्याचा निष्कर्ष त्यात काढला होता. ही चूक १८४७ च्या मोजणीत दुरुस्त झाली आणि दोन्ही समुद्र जवळपास एकाच पातळीवर असल्याचे सिद्ध झाले. प्रकल्पातला सर्वांत मोठा तांत्रिक धोका, भांडवलाचा एक फ्रँकही गोळा होण्यापूर्वी, अशा रीतीने दूर झाला.

इजिप्तमधील त्या वर्षांत त्यांनी आणखी एक ठेव जमवली. राज्यकर्ता महंमद अली याचा मुलगा सईद हा लठ्ठ मुलगा. वडिलांनी त्याच्यावर खाण्यापिण्याची कडक बंधने घातलेली. लेसेप्स यांच्या घरी मात्र त्याला पोटभर मॅकरोनी मिळे, अशी कथा सांगितली जाते. १८४९ मध्ये रोममधील एका मोहिमेवरून सरकारशी खटका उडाला आणि लेसेप्स सेवेबाहेर पडले. १८५३ मध्ये पत्नीचे निधन झाले. पन्नाशीला टेकलेला हा माणूस गावाकडे शेतीवाडी पाहत असताना, १८५४ मध्ये सईद गादीवर आल्याची बातमी आली. नोव्हेंबरमध्ये लेसेप्स अलेक्झांड्रियाला उतरले आणि त्याच महिन्याच्या ३० तारखेला कालव्याचा परवाना त्यांच्या हाती होता. कालवा खुला झाल्यापासून ९९ वर्षे तो चालवण्याचा हक्क कंपनीला मिळाला. नफ्यातले ७५ टक्के भागधारकांना, १५ टक्के इजिप्त सरकारला आणि १० टक्के संस्थापकांना, अशी वाटणी ठरली.

लेसेप्स अभियंता नव्हते. त्यांना वित्तव्यवहाराचेही शिक्षण नव्हते. त्यांची खरी शक्ती माणसे वळवण्यात होती. सुएझच्या वेळी त्यांना स्वतःच्या या मर्यादेची जाणीव होती, हे मुद्दाम नोंदवायला हवे. त्यांनी अनेक देशांतील नामांकित अभियंत्यांचा आंतरराष्ट्रीय आयोग नेमला, त्याला प्रत्यक्ष जागेवर नेले आणि त्याच्या शिफारशीनुसार कुलुपबंद दरवाजे नसलेला, समुद्रपातळीवरचा कालवा आखला.

न खपलेले समभाग

नोव्हेंबर १८५८ मध्ये सुएझ कंपनीचे समभाग विक्रीस निघाले. प्रत्येकी ५०० फ्रँकचे चार लाख समभाग, म्हणजे २० कोटी फ्रँकचे भांडवल. रॉथशील्ड पेढीशी बोलणी झाली होती, पण तिची पाच टक्के दलाली लेसेप्स यांना जड वाटली आणि त्यांनी विक्री स्वतःच करायची ठरवली, असे सांगितले जाते. फ्रान्समध्ये दोन लाखांहून अधिक समभाग खपले. ब्रिटन, रशिया, ऑस्ट्रिया आणि अमेरिका यांच्यासाठी राखून ठेवलेल्या समभागांना मात्र गिऱ्हाईक मिळाले नाही. ब्रिटनचे पंतप्रधान पामरस्टन यांचा तर प्रकल्पालाच विरोध होता.

भांडवल पुरे न जमल्यास प्रकल्प तेथेच थांबायचा, हा साधा नियम. लेसेप्स यांनी न खपलेले समभाग सईदच्या खात्यावर मांडले. आधी कबूल केलेल्या आकड्यापेक्षा हा बोजा कितीतरी मोठा होता. मैत्रीखातर, प्रतिष्ठेपायी, सईदने तो स्वीकारला. अशा तऱ्हेने सुमारे १ लाख ७७ हजार समभाग, म्हणजे ४४ टक्के भांडवल, इजिप्तच्या गळ्यात पडले. रक्कम रोख नसल्याने कर्ज काढून आणि हुंड्या लिहून ती चुकवली गेली.

२५ एप्रिल १८५९ रोजी पोर्ट सईदच्या किनाऱ्यावर पहिली कुदळ पडली. करारानुसार मजूर इजिप्त सरकारने पुरवायचे होते. वेठीने आणलेले सुमारे वीस हजार शेतकरी एका वेळी वाळवंटात राबत. किती जण दगावले याच्या आकड्यांवर आजही वाद आहे. १८६३ मध्ये सईद वारला आणि इस्माईल गादीवर आला. ब्रिटन आणि तुर्कस्तानच्या सुलतानाच्या दडपणामुळे वेठ बंद झाली. मजूर गेले, तर काम कसे व्हायचे? प्रकरण लवादाकडे गेले आणि लवाद होते खुद्द फ्रान्सचे सम्राट तिसरे नेपोलियन. त्यांनी १८६४ मध्ये इजिप्तला ८ कोटी ४० लाख फ्रँक भरपाई द्यायला लावली. त्यात ३ कोटी ८० लाख मजुरांपोटी, ३ कोटी जमिनीपोटी आणि १ कोटी ६० लाख गोड्या पाण्याच्या कालव्यापोटी होते.

या पैशांवर कंपनीने वाफेवर चालणारी अजस्र गाळउपसा यंत्रे आणवली. बोरेल आणि लाव्हाले या कंत्राटदारांनी ती चालवली आणि उरलेल्या खोदाईचा बहुतांश भाग यंत्रांनी पार पाडला. तरीही पैसा अपुरा पडला. १८६७ मध्ये काढलेले १० कोटी फ्रँकचे कर्जरोखे पूर्ण खपेनात. तेव्हा १८६८ मध्ये फ्रेंच सरकारने त्यांना बक्षीस सोडतीची जोड देण्याची परवानगी दिली आणि ते हातोहात विकले गेले.

१७ नोव्हेंबर १८६९ रोजी फ्रान्सच्या सम्राज्ञी युजेनी यांच्या जहाजाने नव्या कालव्यात प्रवेश केला. खर्च मूळ अंदाजाच्या दुपटीवर, ४३ कोटी फ्रँकच्या आसपास गेला होता.

किंमत कोणी मोजली?

मुंबईसाठी ही घटना भाग्याची ठरली. मुंबई आणि लंडन यांच्यातील सागरी अंतर सुमारे ४० टक्क्यांनी घटले. आफ्रिकेला वळसा घालणारी जहाजे थेट येऊ लागली. १८७३ मध्ये मुंबई पोर्ट ट्रस्ट, १८७५ मध्ये ससून डॉक आणि १८८० मध्ये प्रिन्सेस डॉक अशी या बंदराची वाढ झाली, त्यामागे सुएझचा मोठा हात होता.

कंपनीला मात्र प्रारंभीची वर्षे कठीण गेली. १८७० मध्ये केवळ ४८६ जहाजे कालव्यातून गेली. शिडाच्या जहाजांना तांबड्या समुद्रातील वारे मानवत नव्हते आणि वाफेच्या जहाजांचे ताफे अजून तयार व्हायचे होते. समभागांचा भाव दर्शनी किमतीच्या निम्म्याखाली उतरला. दहा वर्षांनी, १८८० मध्ये, जहाजांची संख्या दोन हजारांवर गेली आणि मग लाभांशाचा ओघ सुरू झाला. उत्पन्नाचा अंदाज चुकला होता असे नाही. तो उशिरा खरा ठरला. प्रकल्पासाठी घेतलेल्या कर्जाचे व्याज मात्र उशीर जाणत नाही.

तो उशीर इजिप्तला भोवला. कर्जात बुडालेल्या इस्माईलने नोव्हेंबर १८७५ मध्ये आपले १ लाख ७६ हजार समभाग ब्रिटनला सुमारे ४० लाख पौंडांना विकले. १८७६ मध्ये इजिप्तची दिवाळखोरी जाहीर झाली. १८८० मध्ये नफ्यातला १५ टक्के वाटाही गहाळ झाला. तो एका फ्रेंच वित्तसंस्थेला २ कोटी २० लाख फ्रँकला विकावा लागला. १८८२ मध्ये ब्रिटिश फौजा इजिप्तमध्ये उतरल्या. भांडवल न जमण्याचा, मजूर न मिळण्याचा, खर्च वाढण्याचा असे सुएझचे सारे धोके खरेच उद्भवले होते. ते कंपनीवर कोसळले नाहीत, कारण प्रत्येक वेळी त्यांच्याखाली इजिप्तचा खांदा होता.

त्या काळी ही रीत अपवादात्मक नव्हती. आपल्याकडे बोरीबंदर-ठाणे लोहमार्ग बांधणाऱ्या ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेच्या भागधारकांना १८४९ च्या करारानुसार पाच टक्के परताव्याची हमी होती. तूट आली तर ती भारताच्या महसुलातून भरून निघे. लंडनमधील गुंतवणूकदार निश्चिंत असे, कारण चिंता वाहणारा रयतेतला करदाता होता.

लेसेप्स यांनी सुएझवरून कोणता धडा घेतला, हे पुढच्या घटनांवरून दिसते. तज्ज्ञ आणि बँकवाले शंका काढतात, निर्धार असला की पैसा येतो आणि अडचणी आपोआप दूर होतात, असे त्यांनी मानलेले दिसते. त्या कुणी आणि काय किंमत देऊन दूर केल्या, याचा हिशेब त्यांनी मांडला नाही.

पनामाचा मोह

मे १८७९ मध्ये पॅरिसला मध्य अमेरिकेतील कालव्यासाठी आंतरराष्ट्रीय परिषद भरली. अध्यक्षस्थानी ७३ वर्षांचे लेसेप्स होते. पनामात सुएझप्रमाणेच समुद्रपातळीवरचा कालवा हवा, हा त्यांचा आग्रह. गोदँ द लेपिने या फ्रेंच अभियंत्याने वेगळी योजना मांडली. नद्यांवर धरणे बांधून उंचावर कृत्रिम तलाव करावा आणि जहाजे जलपाशांच्या पायऱ्यांनी वर चढवून पलीकडे उतरवावीत, असे त्याचे म्हणणे. परिषदेने लेसेप्स यांच्या बाजूने कौल दिला. बाजूने मत देणाऱ्यांत अभियंते थोडे होते आणि पनामा पाहिलेला तर अपवादानेच. सुएझच्या वेळी आयोगाला जागेवर नेणारे लेसेप्स या वेळी स्वतःच जागा न पाहता निर्णय घेऊन मोकळे झाले होते.

सुएझच्या वाटेवरील सर्वांत उंच टेकाड पंधरा-वीस मीटरचे होते. पनामातील कुलेब्राची खिंड शंभर मीटरच्या आसपास उंच, आणि तिची माती पावसात घसरणारी. सुएझमध्ये पाऊस जवळपास नाही. पनामात चाग्रेस नदी एका रात्रीत कित्येक मीटर फुगे आणि ती नियोजित कालव्याला वारंवार छेदत होती. त्यात पिवळ्या तापाची आणि हिवतापाची भर.

परिषदेचा बांधकाम खर्चाचा अंदाज १०७ कोटी फ्रँकचा आणि मुदत १२ वर्षांची होती. १८८० च्या प्रारंभी तांत्रिक समितीने तो ८४ कोटी ३० लाखांवर आणला. त्यानंतर न्यूयॉर्ककडे निघालेल्या जहाजावर लेसेप्स यांनी स्वतःच तो सुमारे ६५ कोटी ८० लाखांपर्यंत उतरवला. या घटीमागे नवे सर्वेक्षण किंवा नवी मोजणी काहीच नव्हती.

बाजाराने पहिला इशारा आधीच दिला होता. ऑगस्ट १८७९ मध्ये ४० कोटी फ्रँकचे समभाग विक्रीस काढले, तेव्हा केवळ ३ कोटी जमले. लेसेप्स यांनी त्यातून घेतलेला बोध असा की, वृत्तपत्रे आणि बँकवाले नाराज होते. पुढच्या खेपेला दोघांनाही खूश करण्यात आले. ऐन कोरड्या ऋतूत पनामाचा दौरा झाला, त्याची रसभरीत वर्णने छापून आली आणि डिसेंबर १८८० मध्ये ३० कोटी फ्रँकच्या समभागांना दुपटीने मागणी आली. कमी केलेल्या अंदाजाच्याही निम्म्याहून कमी रक्कम हातात घेऊन कामाला सुरुवात झाली. समभागांवर बांधकामाच्या काळात पाच टक्के व्याज देण्याचे कबूल केलेले होते. उत्पन्न शून्य असताना हे व्याज भांडवलातूनच जाई.

एकेक धोका दारात

सुएझचा अनुभव असलेल्या कुव्र्यू आणि एर्सां या कंत्राटदारांनी दोन वर्षे काम पाहिले आणि १८८२ च्या अखेरीस ते बाजूला झाले. जाणता कंत्राटदार काढता पाय घेतो, तेव्हा कर्ज देणाऱ्याने कागद पुन्हा तपासायचे असतात. येथे काम डझनावारी छोट्या कंत्राटदारांत वाटले गेले. ठरलेल्या किमतीत कालवा पुरा करून देण्याची जबाबदारी त्यांच्यापैकी कोणावरही नव्हती.

१८८३ मध्ये महासंचालक म्हणून गेलेले ज्यूल दँग्लर आपले कुटुंब घेऊन पनामात उतरले. थोड्याच काळात पिवळ्या तापाने त्यांची मुलगी आणि मुलगा गेले, पुढे पत्नीही गेली. रोगाचे मूळ डासात आहे, हे तेव्हा वैद्यकाला ठाऊक नव्हते. मुंग्या चढू नयेत म्हणून रुग्णालयाच्या आवारात झाडांच्या बुंध्याभोवती पाण्याची भांडी ठेवली जात आणि त्यातच डास वाढत. फ्रेंच काळातील मृतांची संख्या वीस हजारांच्या पुढे असावी, असा अंदाज आहे. कारण ठाऊक नव्हते हे खरे. पण माणसे मरत आहेत हे पहिल्या वर्षीच दिसत होते, आणि कंपनीच्या कागदपत्रांत पॅरिसच्या गुंतवणूकदारापर्यंत ते पोहोचत नव्हते.

पैशाची तंगी वाढत गेली तसे कर्ज महागले. १८८६ मध्ये हजार फ्रँक परतफेडीचे रोखे ४५० फ्रँकच्या आसपास विकावे लागले. लेसेप्स यांना सुएझचा जुना उपाय आठवला, तो म्हणजे सोडतीचे रोखे. परवानगीसाठी तीन वर्षे मंत्र्यांचे आणि खासदारांचे उंबरे झिजले, आणि पैसाही वाटला गेला. १८८७ च्या अखेरीस त्यांनी समुद्रपातळीचा हट्ट सोडला आणि जलपाश बांधण्याचे काम गुस्ताव आयफेल यांना दिले. लेपिने यांच्या सल्ल्याच्या दिशेने पडलेले हे पाऊल आठ वर्षे उशिरा पडले. जून १८८८ मध्ये वीस लाख सोडत-रोखे बाजारात आले. त्यातील निम्मेही खपले नाहीत. या वेळी उरलेला बोजा उचलणारा सईद कुठे नव्हता.

शेवट

१८९२ मध्ये लाचखोरीचे प्रकरण बाहेर आले आणि फ्रान्सचे राजकारण ढवळून निघाले. माजी बांधकाममंत्री बाइयो यांना लाच घेतल्याबद्दल शिक्षा झाली. फेब्रुवारी १८९३ मध्ये लेसेप्स आणि त्यांचे चिरंजीव शार्ल यांना पाच वर्षांची कैद सुनावली गेली. वरिष्ठ न्यायालयाने मुदतबाह्यतेच्या मुद्द्यावर ती रद्द केली. वृद्ध लेसेप्स तोवर ला शेने येथील घरात विस्मृतीच्या पडद्याआड गेले होते आणि कुटुंबाने खटल्याच्या बातम्या त्यांच्यापासून दूर ठेवल्या होत्या. ७ डिसेंबर १८९४ रोजी, वयाच्या ८९ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले.

अमेरिकेने १९०४ मध्ये फ्रेंचांची मालमत्ता ४ कोटी डॉलरना घेतली. पैसा सरकारी तिजोरीचा होता, त्यामुळे दरवर्षी रोखे विकण्याचा प्रश्न नव्हता. डॉ. विल्यम गॉर्गस यांनी डासांविरुद्ध मोहीम उघडली. सांडपाणी आणि नळाचे पाणी यांची सोय झाली, लोहमार्ग दुरुस्त झाला आणि त्यानंतर खोदाईला वेग आला. समुद्रपातळीचा विचार सोडून धरण, तलाव आणि जलपाश यांची योजना स्वीकारली गेली. १५ ऑगस्ट १९१४ रोजी कालवा खुला झाला, तो लेपिने यांनी १८७९ मध्ये सुचवलेल्या मार्गाने.

सुएझलाही आपले देणे द्यावे लागले. परवाना १९६८ पर्यंतचा होता. त्याआधी बारा वर्षे, २६ जुलै १९५६ रोजी, नासर यांनी कालव्याचे राष्ट्रीयीकरण केले. त्यांच्या भाषणात लेसेप्स यांचे नाव उच्चारले जाताच अधिकाऱ्यांनी कंपनीची कार्यालये ताब्यात घ्यायची, अशी ती खूण होती. त्याच वर्षाच्या अखेरीस पोर्ट सईद येथील लेसेप्स यांचा पुतळा उखडला गेला. ज्याच्या खांद्यावर सारा बोजा टाकला होता, त्याने तो हिशेब शतकानंतर मागितला.

महाराष्ट्राला हा धडा दाभोळने शिकवला. वीज उचलली नाही तरी ठरावीक आकार द्यायचा आणि इंधनाच्या दराचा तसेच डॉलरच्या भावाचा फरकही सोसायचा, असा करार वीज मंडळाने केला होता. धोके ओळखले गेले नव्हते असे नव्हे. ते बारकाईने लिहून एकाच पक्षाच्या माथी मारले होते, आणि त्या पक्षाला ते पेलणारे नव्हते. २००१ मध्ये मंडळाने वीज घेणे थांबवले आणि प्रकल्प बंद पडला.

आज प्रकल्पांना कर्ज देण्यापूर्वी स्वतंत्र अभियंत्याचा अहवाल मागवतात, ठरलेल्या किमतीत काम पुरे करून देणारा कंत्राटदार शोधतात, रहदारीचा अंदाज मुद्दाम कमी धरून व्याज फिटते का ते पाहतात आणि प्रत्येक धोका तो आटोक्यात ठेवू शकणाऱ्याकडे सोपवतात. यातली प्रत्येक अट कुणाच्या तरी बुडालेल्या पैशातून आलेली आहे. १८८८ मध्ये सोडतीचा रोखा घेणाऱ्या फ्रेंच विधवेला कुलेब्राची माती कशी आहे हे कळण्याचा मार्ग नव्हता. तिने तिजोरीत जपून ठेवलेल्या त्या कागदावर बक्षिसाची रक्कम ठळक अक्षरांत छापलेली होती. धोका तिच्या नावे झाला आहे, हे मात्र त्यावर कुठेही लिहिलेले नव्हते.